पिवळं खाल्लं, पांढरं उरलं

मुंगीच्या तिसऱ्या वाढदिवसाला वीस मुलं येणार होती. आली सात. बाकीच्या तेरा जणांना ताप आला होता, आणि ताप साथीचा असल्यामुळे कुणाला नावं ठेवायचीही सोय नव्हती. पण त्या तेरा मुलांच्या वाट्याचा केक फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठाण मांडून बसला, आणि मुंगीच्या आईचं जे काही व्हायचं ते तिथून झालं.

केक सरळ उचलून टाकून द्यायचा असतो, हे तिला कळत नव्हतं असं नाही. ती शिकलेली होती. पदवीला रसायनशास्त्र होतं; साखरेचं सूत्र झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. शिवाय तिची स्वतःची साखर वर्षभर काठावर चाललेली, आणि त्यापायी गेले नऊ आठवडे ती इतकं शहाण्यासारखं जेवत होती की तिचं तिलाच कौतुक वाटायचं. पण ‘टाकायला हवं’ हे कळणं वेगळं आणि ‘टाकवत नाही’ हे वेगळं. हे ‘टाकवत नाही’ ज्याने कुणी भाषेत पहिल्यांदा वापरलं असेल, त्याच्या घरात लहान मूल आणि अर्धवट सोडलेलं ताट नक्की असणार.

तिने केक खाल्ला असं मात्र म्हणता येणार नाही. तिने फक्त कड सरळ केली. कापताना कुणीतरी सुरी तिरकी मारली होती, ते डोळ्यांना खुपत होतं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर आता डावी बाजू तिरकी दिसायला लागलेली. अशी कड सरळ करता करता अकराव्या दिवशी केक संपला. आणि एकदा शिस्त मोडलीच आहे म्हटल्यावर त्याच्या जोडीला जॅम, बिस्किटं आणि नवऱ्याने ऑफिसातून आणलेला चॉकलेटचा डबा हेही सरळ झाले.

बाराव्या दिवशी डॉक्टरांची तारीख होती. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी वाद घालता येतो. त्यांनी नुसता रिपोर्ट तिच्याकडे तोंड करून सरकवला.

“तीन महिन्यांची सरासरी, सहा पूर्णांक चार. साडेसहाला आम्ही गोळी सुरू करतो. दोन महिन्यांनी परत बघू. तुमच्या आईंना होती ना साखर? कधी सुरू झाली?”

“पस्तिसाव्या वर्षी.”

“आणि?”

“छप्पन्नाव्या वर्षी गेली.”

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मुंगीच्या आईचं वय बत्तीस. मुंगीने तिच्या या आजीला पाहिलेलं नव्हतं, भिंतीवरच्या फोटोला ती ‘चष्म्याची आजी’ म्हणायची. घरी येताना बसमध्ये मुंगीची आई खिडकीबाहेर पाहत राहिली आणि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली: आपण कुणाच्या तरी घरात भिंतीवरचा फोटो व्हायचं नाही. निदान एवढ्यात नाही.

*

डॉक्टरांनी तिला डाएटच्या मॅडमकडे पाठवलं. या मॅडम त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर बसत, आणि त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी खिडकीतल्या कारकुनापाशी वही जमा करावी लागे.

“वही निळी हवी,” कारकून म्हणाला.

“हिरवी चालणार नाही? घरात कोरी आहे.”

“हिरवी वजनवाल्यांची. लाल साखरवाल्यांची. तुम्ही अजून काठावर आहात, काठावरच्यांना निळी.” मग त्याने तिच्याकडे जरा दयेने पाहिलं. “निळीतच राहा मॅडम. लालवाल्यांची रांग फार मोठी असते.”

वहीचे नियम मॅडमनी स्वतः सांगितले. वेळ, काय खाल्लं, किती, कुठे आणि मनःस्थिती, असे पाच रकाने. “आणि एक. ‘मी’ लिहायचं नाही. ‘मी’ आला की माणूस सफाई द्यायला लागतं. मी खरं तर खाणार नव्हते पण, वगैरे. नुसतं काय घडलं ते लिहा. केक खाल्ला. संपलं.”

आता योगायोग असा की मुंगी ज्या बालवाडीत जायची, तिथेही त्याच आठवड्यात वही निघाली. ‘आहार व सवयी नोंदवही’. छोटा गट, म्हणून निळी. (मोठ्या गटाला पिवळी. जगात वह्यांचे रंग ठरवणारी एक समिती असावी आणि ती दर सोमवारी भेटत असावी, अशी मुंगीच्या आईला शंका आहे.) बालवाडीचे रकाने थोडे निराळे होते: काय खाल्लं, किती उरलं, कसं खाल्लं, शी-शू, विशेष.

दोन निळ्या वह्या घरात आल्यावर घोटाळा होणार, हे मुंगीच्या आईच्या तिथल्या तिथे लक्षात आलं. गॅस बंद आहे का हे तीनदा पाहून चौथ्यांदा जिन्यातून परत येणारी बाई ती. तिने दोन लेबलं केली. मुंगीच्या लेबलावर ससा काढला, आपल्या लेबलावर ठळक अक्षरात पूर्ण नाव लिहिलं, आणि डिंकाने चिकटवून दोन्ही वह्या वाळायला ठेवल्या. नवऱ्याला दाखवल्या. “याला म्हणतात व्यवस्था,” ती म्हणाली.

डिंक वाळायला एक तास लागतो. मुंगीला दहा मिनिटं पुरतात. पण ते नंतर कळलं.

*

गाडी रुळावर आणायची म्हटल्यावर सगळी इमारत ढकलायला आली.

समोरच्या दारातले काका निवृत्त ओव्हरसीअर होते. आयुष्यभर रस्ते बांधले. आता रस्ते नव्हते म्हणून माणसं बांधायला घेत. त्यांनी मुंगीच्या आईला जिना लावून दिला. रोज संध्याकाळी सात वाजता, तळमजला ते गच्ची, चार फेऱ्या. स्वतः मधल्या वळणावर खुर्ची टाकून हातातलं घड्याळ बघत बसायचे.

“घोट्यातून उचला, गुडघ्यातून नको.”

“काका, पायऱ्या चौऱ्याऐंशी आहेत.”

“शहाऐंशी. मी मोजल्यात. तुम्ही दोन बुडवताय.”

नवरा आपल्या परीने मदत करत होता. म्हणजे ती काकडी खात असताना तो टोस्टला लोणी लावायचा, पण अपराधी चेहऱ्याने. सासूबाई मात्र काहीच बोलत नव्हत्या. गेल्या वर्षी सासरे गेल्यापासून त्या इथेच राहायला होत्या. मोजकं बोलायच्या, स्वयंपाकघर अर्ध्याहून अधिक त्यांनीच उचललं होतं, आणि मुंगीला वाढायचं कामही त्यांचंच. सुनेच्या काकडीकडे त्या ज्या नजरेने बघायच्या, त्यावरून त्यांना ही सगळी थेरं वाटत असावीत, असा मुंगीच्या आईने कयास बांधला होता. विचारायची हिंमत नव्हती.

आणि तिने खरोखर मन लावून केलं. तीन आठवडे. अंडं उकडलेलं. कॉफी काळी. दुपारी सूप, रात्री काकडी, एखाद दिवशी टोमॅटो, म्हणजे सणच. चौथ्या दिवशी शेजारच्या इमारतीतल्या बारशाला—नाही, ते सांगण्यात अर्थ नाही, तिथे ती पाणी पिऊन परत आली. फक्त दुसऱ्या आठवड्यात एकदा ती घसरली, चॉकलेटच्या डब्याच्या तळाशी राहिलेल्या एका तुकड्यावर, आणि तेही तिने वहीत लिहिलं.

पण घरच्या यंत्रावर रोज सकाळी उपाशीपोटी बोट टोचलं की आकडा जिथल्या तिथे, शंभराच्या वरच. एकशे चौदा. एकशे सोळा. एकशे तेरा. जणू काही तिने तीन आठवडे केकच खाल्ला होता. यंत्र बिघडलंय म्हणून नवऱ्याचं बोट टोचून पाहिलं. ज्या माणसाने आदल्या संध्याकाळी जॅमची बाटली चमच्याने साफ केली होती, त्याचे अठ्ठ्याऐंशी आले.

“यंत्र चांगलं आहे म्हणजे,” तो म्हणाला. त्या दिवशी त्याने स्वतःचा डबा स्वतः भरला.

जिन्यात काकांना तिने हे सांगितलं, तर ते गंभीर झाले. “रस्ता पुन्हा पुन्हा खचतो ना, तेव्हा वरून डांबर ओतून काही होत नाही. खालून पाणी कुठून मुरतंय ते बघावं लागतं.” आणि घड्याळ बघून, “तिसरी फेरी.”

*

घरात दोन्ही वह्या ओट्यावर उघड्याच पडलेल्या असायच्या आणि रकाने बघून लिहिलं जायचं, त्यामुळे लेबलं बघायची वेळ आजवर आली नव्हती. वही दाखवायच्या दिवशी सकाळी मुंगीच्या आईने दोन्ही लेबलं तीनदा तपासली. सशाची वही मुंगीच्या दप्तरात, नावाची आपल्या पिशवीत. सासूबाई मुंगीला बालवाडीत सोडून आल्या, ती दवाखान्यात गेली. खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता शिक्का मारला, पहिल्या पानावरचं काहीतरी कॉम्प्युटरात उतरवलं आणि वही मॅडमच्या टेबलावर गेली.

मॅडमनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ती त्यांची पद्धत होती. स्वतःचं खाणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की माणूस सुधारतं असं त्यांचं मत.

“सकाळी आठ. दूध, अर्धा कप, मांजराच्या कपातून.” त्यांनी मान हलवली. “चांगलं आहे. आवडत्या भांड्यातून घेतलं की थोडक्यात समाधान होतं.”

मुंगीच्या आईला वाटलं, मांजराचा कप? आपण? असेल. गेले तीन आठवडे तिला स्वतःचीच खात्री नव्हती.

“साडेबारा. भात, चार घास, विमान करून. विमान म्हणजे काय?”

“अं?”

“मिस्टर भरवतात का तुम्हाला?” मॅडमचा आवाज एकदम मऊ झाला. “भरवू दे. नात्यात गोडवा असला की साखर कमी लागते. पुढे… पाचवा घास थुंकला. अरे. बरं. जेवताना टेबलाखाली जाऊन बसणं, वीस मिनिटं. हं. हे आपण बोलू. शी: सकाळी एकदा, गाणं म्हणत.” त्यांनी पान उलटलं. “पोट साफ आहे, ही जमेची बाजू.”

तोवर मुंगीच्या आईच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. “मॅडम, ही वही माझी नाही. माझ्या मुलीची आहे. तीन वर्षांची आहे ती.”

मॅडमनी लेबल पाहिलं, आतलं पान पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. हसल्या नाहीत, याबद्दल मुंगीची आई त्यांची जन्माची ऋणी आहे. वही मिटून त्या परत देणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला. त्यांनी ती पुन्हा उघडली आणि या वेळी बोट उभं खाली नेत एकच रकाना वाचला.

“किती उरलं. हा रकाना माझ्या वहीत नाही. अंडं: पिवळं खाल्लं, पांढरं उरलं. केळं, अर्धं उरलं. जॅमचा ब्रेड, कडा आणि एक पूर्ण तुकडा उरला. भात, निम्म्याहून जास्त उरला. साखर घातलेलं दूध, अर्धा कप उरलं. रोज उरतं?”

“लहान आहे ना.”

“मग हे सगळं जातं कुठे?”

“कुठे म्हणजे… आवरतो ना आम्ही.”

“आवरतं कोण?”

आयुष्यात काही प्रश्नांची उत्तरं माणसाला माहीत असतात, फक्त ती कधी वाक्यात बसवलेली नसतात. ती सिंकपाशी उभी राहून, एका हातात मुंगीचं ताट आणि दुसऱ्या हाताने नळ सोडत असते. ते काही खाणं नव्हे. खाणं म्हणजे बसून खातात ते. हे उष्टं. उष्टं हे भांडी घासण्याचा पहिला भाग आहे, असंच तिने आजवर धरलं होतं. तिची आईसुद्धा तसंच धरायची. आईने कधी स्वतःसाठी ताट घेतलेलं तिला आठवत नव्हतं. सगळ्यांचं झालं की पातेल्यातच भात कालवून, ओट्याला टेकून.

ती काही बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. बालवाडी. “मुंगीची आई का? जरा लगेच येता? मुंगीच्या आहाराविषयी आम्हाला फार काळजी वाटतेय.”

*

बालवाडीतल्या खुर्च्या जमिनीपासून एक वीत उंच असतात. त्यावर बसलं की माणसाचे गुडघे कानापाशी येतात आणि स्वाभिमान कुठे येतो ते सांगता येत नाही. तशा एका खुर्चीवर मुंगीची आई बसली. समोर मोठ्या खुर्चीवर बालवाडीच्या मोठ्या बाई, शेजारी मुंगीच्या वर्गाच्या ताई. ताईंचे डोळे लाल होते.

“आम्ही कुणाला दोष देत नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण हे वाचून ताईंना रडू आलं. मी वाचते. ‘सकाळी आठ: उकडलेलं अंडं. उभ्याने. मनःस्थिती: घाई.’ ‘अकरा: काळी कॉफी, बिनसाखरेची. मनःस्थिती: उदास.’”

“बाई, ते—”

“‘संध्याकाळी सात: जिना, चार फेऱ्या. काकांनी पुन्हा दोन पायऱ्या मोजायला लावल्या. गुडघे दुखले.’ हे काका कोण?”

“ते समोरचे. पण ऐका ना—”

“‘रात्री: काकडी. मनःस्थिती: लिहिण्यासारखी नाही.’” इथे ताईंनी रुमाल काढला. “आणि हे. ‘दुपारी चार: पडद्यामागे उभं राहून चॉकलेट खाल्लं. कुणी पाहिलं नाही. आधी आनंद, मग पश्चात्ताप.’ मुंगीची आई, तीन वर्षांच्या लेकराला पश्चात्ताप?”

चॉकलेट खाल्लं. कुणी खाल्लं ते त्यात कुठेच नव्हतं. चॉकलेटपुरतं क्रियापद अगदी बरोबर चाललं होतं आणि खाणारी बाई वाक्यातून साफ निसटली होती. मुंगीच्या आईला आपल्या मातृभाषेचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता.

“ते मी खाल्लं,” ती म्हणाली.

“काय?”

“चॉकलेट. पडद्यामागे. मी. काकडी मी. कॉफी मी. पश्चात्ताप पण माझाच.” आणि मग एक वीत उंचीवरून तिने सगळं सांगितलं. केकची कड, सहा पूर्णांक चार, निळी वही, लाल वही. सांगता सांगता आईपर्यंत आली आणि तिथे थांबली. ताईंनी आपला रुमाल तिच्याकडे सरकवला.

मोठ्या बाईंचा चेहरा निवळला. पण त्या मोठ्या बाई होत्या. “ठीक आहे. वही घेऊन जा. फक्त एक आहे, जमा झालेली वही पालकाच्या सहीशिवाय बाहेर देत नाही आम्ही.”

“मी पालकच आहे.”

“मुंगीच्या. पण ही वही मुंगीची नाही, असं तुम्हीच आत्ता म्हणालात. मुंगीची नसलेली वही मुंगीच्या पालकाला कशी देणार? ज्यांची आहे त्यांच्या पालकाने सही करायला हवी.”

“माझी आहे हो.”

“मग तुमचे पालक.”

वडील दूरच्या गावी. आई भिंतीवर. बत्तिसाव्या वर्षी एका निळ्या वहीसाठी आपण पोरक्या ठरलो, हे तिला त्या बुटक्या खुर्चीवर पहिल्यांदाच इतकं लख्ख कळलं.

“घरी कोण मोठं आहे?” ताईंनी हळूच विचारलं.

*

सासूबाई पंधरा मिनिटांत आल्या. घरातल्याच सपाता पायात होत्या, म्हणजे पळतच निघाल्या असणार. मुंगीला काही झालं नाही हे आधी डोळ्यांनी पाहून घेतलं, आणि मग त्यांनाही एक वीत उंच खुर्ची मिळाली. सगळी हकिकत ऐकताना त्या नुसत्या बघत होत्या. ‘उरलेलं जातं कुठे’ इथे गोष्ट आली आणि त्या म्हणाल्या, “ती खाते. उभ्याने. मी रोज बघते.”

“अहो आई, तुम्ही बघता?”

“बघते म्हणजे काय. म्हणून तर जास्त वाढते.”

“कुणाला?”

“मुंगीला.” सासूबाईंनी पदर सारखा केला. त्या एवढं सलग बोललेल्या कुणी ऐकलं नव्हतं. “ही दिवसभर काकडी खाते. वाळत चाललीय, असं मला वाटलं. तुझ्यासाठी काही केलं तर तू घेत नाहीस, वही दाखवतेस. पण मुंगीच्या ताटातलं तू टाकत नाहीस, हे मी हेरलं. तेवढंच पोटात जातं बिचारीच्या, म्हणून मुंगीला दुप्पट वाढायचे. केळं पूर्ण द्यायचे, तिला अर्धंच लागतं हे माहीत असून. दुधात साखर पण जरा सढळ घालायचे. तुला ताकद यावी म्हणून.”

खिडकीशी मुलांचे कागदी मासे दोऱ्यावर हलत होते.

तीन आठवडे मुंगीची आई साखरेशी झुंजत होती, आणि त्याच स्वयंपाकघरात, दोन हातांच्या अंतरावर उभी राहून, एक बाई तिला मायेने साखर भरवत होती. तिच्या नकळत, मुंगीच्या ताटातून. आणि ती समजत होती की यांना ही थेरं वाटतात. काकांचं पाणी कुठून मुरत होतं ते कळलं. आता रागवावं की काय करावं, हे तिला ठरवता येईना, कारण तिचे डोळे आधीच भरून आले होते.

“साखर वाढतेय, हे मला सांगायचंस तरी,” सासूबाई पुटपुटल्या. “मला वाटलं, हल्ली बायका बारीक व्हायला करतात तसलं काहीतरी. तुझी आई कशाने गेली ते मला माहीत नाही का? सांगितलं असतंस तर मी तुला काकडी सोलून दिली असती.”

मोठ्या बाईंनी घसा साफ केला आणि फॉर्म पुढे केला. पालकाची सही. खाली नातं: आई, वडील, इतर. एकावर खूण करा.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. पेन ‘इतर’पाशी गेलं, थांबलं.

“इतर मी कशाला?” त्या म्हणाल्या आणि ‘आई’वर खूण करून त्यांनी सही ठोकली.

एवढ्यात मुंगी वर्गातून धावत आली. दोन निळ्या वह्या शेजारी शेजारी पाहून तिला आनंद झाला. लेबल कुणी बदललं, हे विचारल्यावर तिने लपवलं नाही. “सशाला ती वही आवडत नव्हती. त्याला ही आवडत होती.”

*

मॅडमनी त्यानंतर दवाखान्याच्या सगळ्या निळ्या वह्यांत ‘किती उरलं’ हा रकाना घातला. मुंगीच्या आईला नियम फक्त एक दिला: स्वतःचं ताट, बसून, आणि त्या ताटाबाहेरचं काही नाही. काकडीचं राज्य संपलं. ताटात भातही आला, मूठभर. “पांढऱ्याचं काही नाही हो,” त्या म्हणाल्या, “पांढरं तर चांगलंच. पण तेही तुमच्या ताटात, तुमचं म्हणून घ्या.”

ते ताट सासूबाई वाढतात. आधी सुनेचं, मग मुंगीचं, आणि मुंगीचं अर्धं. मुंगी बसल्याशिवाय आई बसायची नाही आणि आता आई बसल्याशिवाय आजी हलत नाही, त्यामुळे जेवायला तिघी एकदम बसतात. पहिल्या दिवशी मुंगीच्या आईला स्वतःच्या भरल्या ताटापुढे बसून इतकं अवघडल्यासारखं झालं, की कुणाच्या तरी घरी पाहुणी आल्यासारखी ती दोनदा “पुरे” म्हणाली.

सोपं काही नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात अर्धं केळं तिने ओट्यावरून तीनदा उचललं आणि तीनदा ठेवलं. काकांनी जिना दोन फेऱ्यांवर आणला, पायऱ्या मात्र शहाऐंशीच. नवऱ्याने नंतर मिळालेला चॉकलेटचा डबा ऑफिसातच ठेवला आणि तिथल्या लोकांचा आशीर्वाद घेतला.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिच्या फोनवर दवाखान्याचा निरोप आला. बाळाला उपाशीपोटी आणावं, खेळणं सोबत ठेवावं, पालकांचं सोबत असणं आवश्यक. कारकुनाने शिक्का मारला त्या दिवसापासून दवाखान्याच्या कॉम्प्युटरात तिचं वय तीन होतं. दुरुस्तीचा अर्ज करायचा तर एकवीस दिवस. “जाऊ दे,” सासूबाई म्हणाल्या, “मी येते की.” आणि रक्त काढताना त्यांनी खरोखरच तिचा दुसरा हात धरून ठेवला. सुई टोचणाऱ्या परिचारिकेने वयाकडे पाहिलं, दोघींकडे पाहिलं आणि कापूस पुढे केला.

पाच पूर्णांक नऊ.

“गोळी नको,” डॉक्टर म्हणाले. “सहा महिन्यांनी या.” खिडकीत कारकुनाने निळ्या वहीवर निळाच शिक्का मारला आणि पहिल्यांदाच हसला.

त्या दिवशी दुपारी तिघी जेवायला बसल्या. मुंगीने अंड्यातलं पिवळं कोरून खाल्लं, पांढरं ताटात बाजूला सारलं आणि सवयीने आईपुढे ढकललं. आईचं ताट संपलेलं होतं. तिने मुंगीचं ताट उचललं, नळापाशी नेलं, क्षणभर थांबली. मागे सासूबाईंचं घास चावणं थांबलेलं तिला ऐकू आलं.

जेवण झाल्यावर तिने आपली वही उघडली. मॅडमचा नियम तिला पाठ होता. ‘मी’ नको, सफाई नको, नुसतं काय घडलं ते. नव्या रकान्यात तिने लिहिलं:

पांढरं उरलं. उरू दिलं.